गाण्यांमधलं बोलणं

गुरुवार, संध्याकाळ

ऑफिसातल्या स्नेहाने रॉकवाल्यांची लाइव्ह रेकॉर्डिंग मागितली. स्वतः लिहून स्वतः गाणारेच हवेत म्हणाली. तीन पाठवली आणि वर बजावलं, "गाण्यांमधलं बोलणं पुढे पळवू नकोस. पब्लिक ओरडतं, गाणारा चिडून उत्तर देतो, त्यातूनच पुढचं गाणं निघतं." फार शहाणपणा केला.

घरी आलो तर बाबा मोबाइल कानाला लावून बसलेले. नायगावच्या चाळीत झालेली त्यांची जुनी डबलबारी ऐकत होते, म्हणजे दोन बुवांची भजनातली झुंज. चाळ सोडताना मीच ती कॅसेटवरून मोबाइलवर उतरवली होती. बाबांची भजनं तेवढी ठेवली. समोरच्या बुवाचे टोमणे, लोकांचा हशा, मधलं सगळं बोलणं कापलं. स्वच्छ केलं म्हणून खूशही होतो. आणि कॅसेट? टाकून दिली.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, "समोरचो बुवा खंय गेलो रे? मी उत्तर कोणाक देतंय?"

आत्ताच स्नेहाचा मेसेज आला. मधलं बोलणंच जास्त आवडलं, म्हणते. वर लिहिलंय, "तुला यातलं बरं कळतं रे!"