अठरा सह्या

सोमवार, ता. १४, दुपारी

माझी लाडकी भिंगरी,

तुला पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा आपल्या जागी आहे आणि दात गेल्या पत्रात होते तेवढेच आहेत. तू वेळेवर जेवतेस असं धरून पुढं लिहिते. अक्षर वाकडं दिसेल, पण दोष हाताचा नाही, टेबलाचा आहे. त्याचा एक पाय आखूड झालाय.

अगं, आज मंत्री तुझं बोलले.

तू काल फोनवर म्हणालीस ना, "आजी, उद्या अकराला सभागृहातली प्रश्नोत्तरं लाव, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी लिहिलंय," तेव्हापासून माझं कशात लक्ष नव्हतं. आपला टीव्ही चित्र दाखवतो आणि आवाज गिळतो. म्हणून साडेदहालाच जिना उतरले आणि खालच्या सलूनमध्ये जाऊन बसले. सलूनवाला म्हणाला, "आजी, तुमचे केस कापायचे तर आधी शोधावे लागतील." तोंडाचा फटकळ आहे, मनाचा बरा. मी म्हटलं, "मेल्या, मॅच बंद कर आणि सभागृह लाव." तिथं तिघं गिऱ्हाइकं बसली होती, पण तिघांच्याही तोंडाला फेस. त्यामुळं कुणाला नाही म्हणता आलं नाही.

पहिला प्रश्न पुलाचा होता. त्यात इतकी भांडणं झाली की पूल कुठला ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुसरा विहिरींचा. मग तिसऱ्या प्रश्नाला पांढऱ्या केसांच्या एक सदस्य बाई उठल्या. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडं सरकारी माणूस महिन्यातून दोनदा जावा, अशी योजना आहे, पण प्रत्यक्षात कुणी जात नाही, हे खरे आहे काय, आणि असल्यास योजनेवरचा एवढा खर्च गेला कुठं? हातात कागद होता, पण त्यांनी तो बघितलासुद्धा नाही.

मंत्री उठले, चष्मा लावला आणि म्हणाले, "हे खरे नाही."

मला वाटलं, झालं? एवढ्या तीन शब्दांसाठी माझी पोर पंधरा दिवस खपली? पण नाही, पुढं होतं. "योजनेतील सर्व ज्येष्ठांकडे महिन्यातून दोनदा भेट दिली जाते. प्रत्येक भेटीची सही नोंदवहीत आहे. सत्त्याण्णव टक्के ज्येष्ठांना त्यांचे नातेवाईकही नियमित भेटतात." किती स्वच्छ लिहिलंस गं. एक शब्द इकडचा तिकडं करायला जागा नाही. शाळेत तुझ्या निबंधाला बाई म्हणायच्या, हिच्या वाक्याला इस्त्री असते. मंत्री दोनदा अडखळले, पण तो त्यांचा दोष, वाक्याचा नाही.

सदस्य बाई पुन्हा उठल्या. "मंत्रिमहोदय स्वतः किती घरी गेले?" सगळं सभागृह हसलं. मंत्र्यांनी मागं हात केला, मागून एक चिठ्ठी आली, ती वाचून म्हणाले, "सह्या आहेत." ती चिठ्ठी तुझीच ना? तू सांगतेस ना, अधिकारी बाजूच्या सज्जात बसून चिठ्ठ्या पाठवतात. मी तुला किती शोधलं. कॅमेरा मेला त्या सज्जाकडं वळलाच नाही. एकदा कुणाचा तरी कोपर दिसला. तुझाच असेल असं मी ठरवलं.

मग बाई म्हणाल्या, सही म्हणजे भेट नव्हे. एक निवृत्त पोस्टमन न्हाणीघरात पडले, दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला कळलं, आणि पडले त्याच दिवसाची भेट नोंदवहीत सहीसकट लिहिलेली आहे. अध्यक्षांनी सांगितलं की घरोघर नोंदवह्या तपासा आणि आठ दिवसांत सभागृहाला कळवा. ते पोस्टमन म्हणजे आपल्या मागच्या गल्लीतले. तुला दहावीच्या निकालाचं पाकीट त्यांनीच आणून दिलं होतं. कंबरेचं हाड मोडलंय, पण आता बसतात म्हणे.

असो. सलूनमध्ये एक जण म्हणाला, "उत्तर चोख होतं बरं का." मी म्हटलं, "माझ्या नातीनं लिहिलंय." सगळ्यांनी माना वळवल्या. एकाला वस्तरा लागता लागता राहिला. एवढ्यात सलूनवाला म्हणाला, "पण आजी, तुम्हीपण त्याच योजनेत आहात ना? मग तुमच्याकडं कोण येतं? मी तर दिवसभर या जिन्याच्या तोंडाशी उभा असतो."

मी म्हटलं, "तू लोकांची डोकी बघतोस, पाय कुठं बघतोस?"

हशा पिकला. मीही हसले. मग वर आले.

इकडं माणसांची नुसती वर्दळ आहे. दाराची कडी गार व्हायला सवड नाही. काळजी करू नकोस.


बुधवार, ता. १६

पत्र टाकायचं राहिलं. खरं सांगायचं तर पाकीट चिकटवून झालं होतं, ते आज चहाच्या वाफेवर उघडलं. वरचं काही खोडत नाही. खोडलं की तू उजेडात धरून वाचतेस, मला ठाऊक आहे.

आज भेटीवाली आली होती. योजनेतली बाई गं, मी तिला भेटीवालीच म्हणते. जिना चढताना तिला धाप लागली होती. मी दार उघडलं आणि, काय सांगू, मला इतका आनंद झाला की ती रडतेय हे आधी दिसलंच नाही.

बसली. चहा केला. कपाटातला चांगला कप काढला, त्यात मेलेला कोळी होता, तो काढला. ती म्हणाली, "आजी, तपासणीचे साहेब येणार आहेत. तुमच्याकडं आले तर 'हो, येते' म्हणाल ना?" मी म्हटलं, "आधी बिस्किट खा."

तिच्याकडं त्रेपन्न घरं आहेत. त्रेपन्न घरं, महिन्यातून दोनदा, पायी, कागद भरायचे ते वेगळे. तू आकड्यांतली आहेस, तूच मांडून बघ. मी तिला वाईट म्हणणार नाही. पहिले चार महिने येत होती. माझ्या औषधाच्या बाटल्यांवरचं बारीक अक्षर वाचून दाखवायची.

आमच्या बटणांच्या कारखान्यात तपासणी असायची, ती तुला कधी सांगितली का? मी तिथं एकतीस वर्षं कार्डावर बटणं शिवली, एका कार्डावर बारा. तपासणीचे साहेब यायच्या सकाळी आम्हाला नवे एप्रन द्यायचे आणि संध्याकाळी गोळा करून घ्यायचे. साहेब विचारायचे, "एप्रन मिळतो ना?" आम्ही सगळ्या म्हणायचो, "हो साहेब." अंगावर होता ना. त्यात खोटं काय होतं? घरी येताना मात्र आम्ही बायका एकमेकींशी बोलायचो नाही.

आता लिहिते.

नऊ महिन्यांपूर्वी भेटीवाली आली होती, तिचे पाय सुजले होते. तिनं वही मांडीवर घेतली आणि म्हणाली, "आजी, वर्षाअखेरपर्यंतच्या सह्या आत्ताच द्याल का? मधेमधे मी येईनच." अठरा सह्या होत्या. मी दिल्या. तिची दया आली म्हणून दिल्या, असं मी स्वतःला सांगत आले. दया आली होती, ते खोटं नाही. पण भिंगरी, मी त्या सह्या फार हळूहळू केल्या. एकेक अक्षर कोरून. वेलांटी देऊन झाली की पेन खाली ठेवायची, बोटं मोडायची, काहीतरी विचारायची, मग पुढची. सह्या संपल्या असत्या की ती उठली असती. सव्वा तास बसली ती त्या दिवशी. त्यानंतर आजच आली.

मधे कुणीही आलेलं नाही. सलूनवाल्याचं बरोबर आहे.

आणि वहीत आणखी एक रकाना असतो, "नातेवाईक भेटतात काय." तिनं विचारलं, "तुमची नात येते ना?" मी म्हटलं, "येते की, दर महिन्याला येते." तिनं अठराच्या अठरा ओळींत 'होय' लिहिलं. मी बघत होते. तुझ्या त्या सत्त्याण्णव टक्क्यांत मी आहे. म्हणजे तूही आहेस.

तुझा दोष काढायला हे लिहीत नाही. तुझ्याकडं गावोगावच्या बेरजा येतात, वह्या येत नाहीत. त्यात तुझं काय चुकलं? शिवाय दर रविवारी तू विचारतेस, "आजी, कुणी येतं जातं ना?" आणि मीच म्हणते, "वर्दळ आहे." तुला खरं कोण सांगणार होतं? फोनवर तू "कशी आहेस" म्हणालीस की माझं तोंड आपोआप "मजेत" म्हणतं. कागदाला घाई नसते, म्हणून कागदावर जमतंय.

भेटीवालीला मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती तास-दीड तास बसली. सभागृहात एका बाईनं प्रश्न विचारला म्हणून माझ्याकडं माणूस आलं, बघ. जाताना तिनं माझे हात हातात घेतले. दार लावल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही चौकशी लांबावी, म्हणजे ती पुन्हा येईल. मग पोस्टमनची आठवण झाली आणि मला माझीच लाज वाटली. रात्रभर त्या फरशीवर पडून ते काय ऐकत असतील? त्यांच्याही वहीत कुणीतरी हळूहळू सह्या केल्या असतील. बहुतेक त्यांनीच.


शुक्रवार, ता. १८

तपासणीचे साहेब आज सकाळी आले. तरुण होते, बुटांची नाडी सुटलेली. म्हटलं, "बांधा आधी, जिना वाईट आहे." ते लाजले.

खुर्चीच्या कडेवरच बसले. वही उघडून म्हणाले, "आजी, ही सही तुमची?"

"माझीच."

"आणि ही?"

"सगळ्या माझ्याच. एका दिवशी केल्या."

त्यांनी मान वर केली. म्हणाले, "म्हणजे भेटी झाल्या नाहीत?"

"नाही झाल्या. पण एवढ्या लांबलांबची त्रेपन्न घरं एकटीच्या गळ्यात घातली की अशाच सह्या मिळतात, तेही लिहा. नुसतं माझं 'नाही' लिहून तिला नोकरीवरून काढणार असाल, तर मी तुमच्या कागदावर सही करणार नाही. माझ्या सह्यांचा भाव आता वाढलाय."

त्यांना हसू आलं. पण लिहिलं त्यांनी, माझ्यासमोर लिहिलं. मी दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा जरा उगाचच.

मग त्यांनी तो रकाना विचारला. "नात मात्र येत असेल. इथं 'होय' आहे."

भिंगरी, इथं मी थांबले. भेटीवालीचं सांगताना जीभ अडली नव्हती. त्यांचं पेन तयार होतं. मी म्हटलं असतं 'येते', तर कुणाचं काय बिघडलं असतं? पोस्टमनचं हाड या 'होय'नं मोडलं नव्हतं. तुझा एक आकडा तरी शाबूत राहिला असता. मी खिडकीशी गेले, पडदा नीट केला, परत आले. ते वाट बघत होते.

मी म्हटलं, "लिहा, नाही. तीन वर्षांत एकदा आली. दोन तास. बॅग दारातच होती."

"कारण?"

"कामात असते. तुमच्यासारखीच."

तू कोण आहेस, कुठं काम करतेस, ते मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. चहाला थांबले नाहीत, अजून अकरा घरं होती.

तूच एकदा सांगितलं होतंस, उत्तर चुकलं असेल तर मंत्र्याला पुन्हा उभं राहून दुरुस्त करावं लागतं. तेव्हा तो दुरुस्तीचा कागद तुलाच लिहावा लागेल. तुझ्यावर कुणी आवाज चढवेल, ते मला कळतं. म्हणून साहेबांचा कागद पोचायच्या आधी माझं पत्र पोचावं असं वाटतं. आज स्वतः जाऊन पेटीत टाकते. पोचलं की तू आपल्या साहेबांकडं आपणहून जा. दुसऱ्या कुणी नेऊन दाखवण्यापेक्षा ते बरं. इस्त्रीचं वाक्य नसलं तरी चालेल. आणि भेटीवालीसाठी एक ओळ घाल, तुला जमेल तशी.

तू ये, असं मी लिहीत नाही. यायला हवं तर कोण कुणाला अडवतंय? पण आता रविवारी "कुणी येतं का" विचारलंस, तर मी नाही म्हणेन. फोन ठेवून देऊ नकोस लगेच.

तुझ्या टेबलावर आमच्या भागाची नवी बेरीज येईल. त्यात नावं नसतात, नुसते आकडे असतात. 'नाही'च्या आकड्यात एक मी आहे.

तुझ्यावर जीव असलेली, एकटी राहणारी,
तुझी आजी