वशिंड नसलेले सतरा बैल

कॅम्प-१, भिलाई
तान्ह्या पोळ्याचा दिवस, १९६१

तीर्थस्वरूप देवीदासभाऊ यांना केवलरामचा दोन्ही पाय घट्ट धरून नमस्कार. (पाय सोडवून घेऊ नका, मजकूर लांब आहे.)

तुमचा टर्पेंटाइनचा खोकला कसा आहे? कांतावहिनींचा गुडघा पूर्वी थंडीतच दुखायचा, तो आता बाराही महिने दुखून राहिला असं गोंदियाला जाऊन आलेला आपला बाबुलाल सांगत होता. इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे लाल धूळ खाऊन माणूस जेवढा बरा राहू शकतो तेवढे. मैनाबाई तुम्हा दोघांना नमस्कार सांगते. मला मात्र तिनं तीन दिवसांत काहीच सांगितलेलं नाही. ताट वाढते, पायानं सरकवावं तसं हातानं सरकवते आणि भिंतीकडे बघते. त्याचं कारण पुढे येईल. चार वर्षं तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याचंही कारण पुढेच आहे.

गोंदियात कोणीतरी सांगितलं असेल की केवल भिलाईला जाऊन आर्टिस्ट झाला. तर भाऊ, इथला आर्टिस्ट म्हणजे ठेकेदाराच्या मस्टरवरचा रोजंदार पेंटर. गर्डर येतात, त्यांना लाल प्रायमर मारायचा, वर पांढऱ्यानं नंबर टाकायचा. क्रेन येते आणि आपला नंबर आभाळात घेऊन जाते. पुन्हा तो कावळ्यांनाच दिसतो. 'खतरा' मी हिंदीत लिहिला, इंग्रजीत लिहिला, एकदा तर रशियनमध्येही लिहिला. अक्षरं कागदावरून बघून बघून काढली होती. एक रशियन साहेब त्या पाटीसमोर उभा राहून डोळे पुसेपर्यंत हसला. काय लिहिलं गेलं ते मी अजून विचारलेलं नाही.

तरी मी रडत नव्हतो. शेती सोडून आलेल्या माणसाला चार अक्षरांवर भाकर मिळते, आणखी काय हवं? हवं होतं ते एकच, मस्टरवरून उठून पर्मनंट व्हायचं. पर्मनंट झालं की सेक्टरमध्ये क्वार्टर, क्वार्टरमध्ये नळ. इथं कॅम्पात मैनाबाई एका हंड्यासाठी पंजाबी, तेलुगू आणि छत्तीसगढी अशा तीन भाषांत भांडते, आणि तिन्ही भाषांत हरते.

अशात मला अच्युतराव साहेब भेटले. रायपूरचं जुनं मराठी घराणं, बोलणं तुपातलं. कारखान्यानं त्यांना शिकायला सहा महिने अमेरिकेला पाठवलं होतं. मी त्यांच्या बंगल्याच्या खिडक्यांना हिरवा रंग देत होतो. "तुम्ही भंडाऱ्याकडचे ना? तुमचं मराठी ऐकायला गोड वाटतं हो," असं म्हणाले. (मराठी गोड वाटलं, पण चहा आला तो व्हरांड्यातल्या वेगळ्या पेल्यात.) मग ते पाहुण्यांना सांगू लागले, की तिकडे रविवारी कसे दूरवर जात, तांबडे डोंगर कसे ताटासारखे सपाट, घोड्यावर बसून गुरं राखणारे काउबॉय कसे, आणि त्याचं एखादं तैलचित्र दिवाणखान्यात हवं, पण या धुळीत काढणार कोण? रंगाऱ्याकडे कोणी बघत नाही, म्हणून रंगाऱ्याला सगळं ऐकू येतं. माझे कान असे, आणि तोंड त्याहून वाईट. मी शिडीवरूनच म्हणालो, "साहेब, मले येते."

त्यांनी वर पाहिलं. जणू खिडकीच बोलली. म्हणाले, काढून दाखवा, पर्मनंटच्या यादीचं मी बघतो.

नमुन्याला माझ्याजवळ एक वॉटरकलर होतं. (ते कुठून आलं, ते शेवटी.) डोंगर, धूळ, घोड्यावर काउबॉय, पुढे सतरा बैल. त्यावर इंच इंच चौकडी आखली, कॅनव्हासवर पाच पाच इंचांची, आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणे एक घर उघडं ठेवून बाकीचं झाकत गेलो. तुमचं वाक्य माझ्या कानात पक्कं आहे: "चित्राकडे पायशीन तं बिघडवशीन. घराकडे पाय." तसंच केलं. जे दिसेल ते उतरवायचं, काय आहे ते विचारायचं नाही. वरच्या दोन रांगांत उजवीकडच्या चार घरांत मिळून एक तपकिरी गोल कडं होतं, एका बाजूला फिकट होत गेलेलं. तेही पाचपट मोठं करून, कडा मऊ करून, दोन दिवस घासून उतरवलं.

अर्ध्यावर साहेब बघायला आले. म्हणाले, तिकडच्या बैलांना वशिंड नसतं. भाऊ, पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्या खांद्याला हळद-तूप लावून शेकतो, त्यामागचं वशिंड! बाप बैलांची शिंगं रंगवायचा तेव्हा पहिल्यांदा हातात कुंचला धरलेला मी, एका दुपारी सतरा वशिंडं छाटून आभाळ भरलं. मग साहेबांनी घोड्याच्या डोळ्यांवरची चामड्याची झापडं दाखवून विचारलं, हे काय? (गोंदिया स्टेशनच्या टांग्याशिवाय आपल्यापैकी कोणी घोडा पाहिला आहे?) मी म्हणालो, ऊन. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, "हो. तिकडे ऊन फार."

चित्र झालं. डाव्या कोपऱ्यात मी नाव घातलं, 'केवलराम, भिलाई'. गर्डर सोडून पहिल्यांदाच कशावर तरी नंबराऐवजी नाव. साहेब चित्र घेऊन गेले आणि महिनाभर शांतता. मग मला ऑफिसर लोकांच्या क्लबात बोलावणं आलं. मैनाबाईनं सदरा धुऊन दिला. तिथं गेल्यावर कळलं की दाराच्या चौकटींना पॉलिश करायचं आहे.

चित्र समोरच्या भिंतीवर होतं. चार बोटं रुंद सागवानी फ्रेम, आणि फ्रेमनं माझा कोपरा नावासकट गिळलेला. खाली पितळी पट्टी, तिच्यावर अच्युतरावांचं नाव. पंचवीस-तीस माणसं सरबत पीत उभी. एका बाईंनी विचारलं, इतकी कामं सांभाळून वेळ कसा मिळतो हो? साहेब म्हणाले, "रविवारी थोडं थोडं." मग त्यांनी काठीनं तो तपकिरी गोल ढग दाखवला. म्हणाले, वादळाच्या आधी असा कड्यासारखा ढग फक्त त्याच मुलखात येतो, मी डोळ्यांनी पाहिला आहे, आठवणीनं काढला. बाई म्हणाल्या, चित्राचा जीव त्या ढगातच आहे. मी पॉलिशचा बोळा हातात घेऊन चौकटीला चिकटून उभा होतो, चौकटीपेक्षा कमी दिसत होतो.

लोक गेल्यावर नावाचं विचारलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हसून म्हणाले, "केवलराम, तुम्ही गर्डरवर नंबर टाकता. म्हणून गर्डर तुमचा होतो का?" आणि लगेच दुसरं चित्र सांगितलं, याची जोडी, सूर्यास्ताची. दिवाळीनंतर मोठे पाहुणे यायचे आहेत. ते झालं की पर्मनंट नक्की.

घरी येऊन मी अच्युतरावांच्या सात पिढ्या खाली आणल्या. चोर म्हटलं, लुटारू म्हटलं, दुसऱ्याच्या घामावर पितळ ठोकणारा म्हटलं. मैनाबाई भाकर थापत होती. थापता थापता म्हणाली, "नाव तं पयलेबी एकदा पुसलं होतं न तुमी? तवा कोनाले शिव्या देल्या?" तेव्हापासून ती गप्प आहे.

लहानांच्या डोक्यावर हात ठेवा, वहिनींच्या गुडघ्याला एरंडाचं पान बांधा, आणि रागावला असाल तर राग पत्रावर काढा, खोकल्यावर जाऊ देऊ नका.

तुमचा,
केवलराम

ता.क. — ते वॉटरकलर तुमचं आहे, सिनेमाच्या गोष्टी ऐकून काढलेलं. सत्तावन्नला निघताना मी ते वळकटीत घातलं. तुम्ही निरोप पाठवून विचारलंत, तेव्हा पावसात भिजून गेलं असं उलट निरोपानंच कळवलं. भिजलं नव्हतं. चित्रामागच्या तुमच्या सहीवर खाकी कागद चिकटवून मी इथं सगळ्यांना माझं म्हणून दाखवत होतो. आणि तो ढग? निघायच्या सकाळी तुम्ही चहा पुढे केलात, "घे, मंग जाय" म्हणालात, आणि मी गाडीच्या घाईत कप चित्रावर ठेवला. त्या कपाच्या बुडाचं ते कडं. सगळ्या चित्रात माझं स्वतःचं तेवढंच, आणि लोकांना तेवढंच आवडलं.

आणखी एक ता.क. — काल साहेबांकडे जाऊन खरं सांगितलं, की मूळ चित्र माझं नाही, माझ्या भावाचं आहे. ते म्हणाले, मग तर तुमची तक्रारच मिटली.

शेवटचं ता.क. — बाबुलालबरोबर तुमचं चित्र परत पाठवतो आहे. खाकी कागद मैनाबाईनं ओल्या फडक्यानं भिजवून काढला, सही शाबूत आहे. (आज ताटात ठेचा आला.) आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते: दिवाळीच्या आत या. कोऱ्या कागदावर चौकडी आखून मी तीन दिवस बसलो, घरांत काहीच येत नाही. सूर्यास्त तुम्ही काढा, मी मोठा करीन. पर्मनंटचं मी साहेबांना विचारणारच, तेवढी लाज अजून आलेली नाही. पण सही कोपऱ्यात करू नका, फ्रेम खाईल. तिकडचा प्रत्येक मालक आपल्या गुरांच्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडानं खूण उमटवतो, हे साहेबांनीच मला मोठ्या कौतुकानं सांगितलं आहे. मधोमध एक बैल मोठा घ्या आणि त्याच्या पुठ्ठ्यावर तुमचा 'दे' टाका, वीतभर. पुसा म्हणायची त्यांची हिंमत होणार नाही. माझा 'के' कुठंही नको.

वशिंडं ठेवा. चहा मी जमिनीवर ठेवीन.