घडीच्या छत्रीचा उजेड

आप्पा,

आक्का गेली. तुमची थोरली लेक. कंग्राळीहून दाजींचा फोन आला, आणि मी बेळगावातून पोचेपर्यंत तिला अंगणात आणून ठेवलं होतं. सगळं झाल्यावर हार घालायला फोटो हवा म्हणून दाजी कपाटं उचकू लागले, तेव्हा कळलं की या घरात आक्काचा चेहरा दिसेल असा एकही फोटो नाही. लग्नातले आहेत, पण त्यात तिनं पदर इतका पुढं ओढलाय की हनुवटीशिवाय काही दिसत नाही. पोरांच्या बारशात ती पाठमोरी आहे. दाजी कपाळावर हात मारून म्हणाले, "फोटोवाल्याची लेक, आणि बघा हो हे." फोटो कुठं आहे ते मला ठाऊक होतं. घरी आले आणि माळ्यावरची तुमची खाकी पिशवी खाली काढली. निपाणीचं दुकान मोडलं तेव्हा आईनं ती माझ्याकडं दिली होती, आणि मी तिची नाडी कधी सोडली नव्हती. वर आक्काचा फोटो निघाला, आणि खाली ती छत्री.

ती छत्री गोव्याहून आली तेव्हा मी शाळेत होते. दांडा आत ढकलला की वीतभर व्हायची आणि बटण दाबलं की फाडकन उघडायची. आम्हाला वाटलं आईसाठी आणली. तुम्ही पहिल्याच दिवशी तिचं काळं कापड उसवून टाकलंत. आईनं कपाळाला आठ्या घातल्या, "नवी छत्री फाडलासा? डोकं ठिकाणावर हाय न्हवं?" मग सांबऱ्याच्या विमानतळाकडनं भंगारात आलेलं पॅराशूटचं पांढरं कापड तुम्ही कुठूनसं मिळवलंत आणि तिच्याचकडून ते काड्यांवर शिवून घेतलंत. सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं छत्री काठीला बांधायची, तिच्या पाठीमागून फ्लॅश मारायचा, म्हणजे उजेड कापडातून वस्त्रगाळ होऊन यायचा. कुणाच्या नाकाखाली काळी सावली नाही, कुणाचे डोळे खोल नाहीत. लग्नाच्या मुलींचे दाखवायचे फोटो तेव्हा लोक घरीच काढून घेत. मुलगी स्टुडिओची पायरी चढताना दिसली की गल्लीभर व्हायचं, आणि पुढं नकार आला की तेच लोक तो मोजत बसायचे. तुम्ही दुकानातली फोटोची मोठी छत्री सायकलला लावून गेलात की सगळ्यांना कळायचं कुणाच्या घरात स्थळ बघताहेत. ही घडीची मात्र पिशवीत मावायची. तुम्ही एखाद्या पाहुण्यासारखे आत जायचात आणि चहा पिऊन बाहेर यायचात. कानडी घरातल्या मुलीला "इल्ली नोडव्वा" म्हणायचात, आमच्यातल्या मुलीला "इकडं बघ गं बाळ" म्हणायचात, आणि दोघी सारख्याच लाजायच्या. निपाणी-चिकोडीकडच्या किती मुलींची लग्नं त्या छत्रीखाली जुळली असतील, कोण जाणे. तुम्हाला त्याचा लई अभिमान होता, हेही सांगते.

आक्काच्या फोटोची पाळी आली ती दुपार मला अजून दिसते. मधल्या खोलीतलं धान्याचं पोतं बाजूला सारलंय, भिंतीवर आईची निळी चादर टांगलीय. मी आक्काची वेणी घालून दिलीय आणि पावडर लावायला गेले तर तुम्ही ओरडलात, "पावडर नगं! पुसून टाक ती." आक्का सावळी होती, तुमच्यासारखीच. घाबरून तिनं ओठ मिटून घेतलेत. तुम्ही कॅमेऱ्याला डोळा लावता, काढता, छत्री बोटभर खाली करता, पुन्हा बघता. इतक्या मुलींचे फोटो काढलेत, पण एवढा वेळ कुणालाच लावला नव्हतात. शेवटी आक्का कंटाळून म्हणाली, "आप्पा, आता मी म्हातारी व्हईन हितंच." तुम्ही कॅमेऱ्यामागून मान वर केलीत आणि हसलात, तीही हसली, आणि फ्लॅश उडाला. बस्स. तो फोटो काळा-पांढरा, पोस्टकार्डाएवढा. त्यात आक्का गोरी दिसते हे खरं. पण आम्ही कुणी ते बघितलंच नाही. आम्हाला ती आक्काच दिसत होती.

गडहिंग्लजकडचे पाहुणे फोटो बघून आले. मुलगा मास्तर होता, घर चांगलं होतं, आणि आक्काला ते स्थळ मनापासून हवं होतं. मुलाचा फोटो तिनं उशीखाली ठेवला होता, मला दाखवलाही होता. ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि मुलाच्या आत्यानं कप उचलायच्या आधीच विचारलं, "ही कोण? फोटोतली पोरगी बोलवा की." आई म्हणाली, "हीच ती." आत्या पर्समधला फोटो काढून आक्काच्या चेहऱ्याशेजारी धरून बघायला लागली, साडीचा रंग जुळवून बघावा तसा. "फसवणूक हाय ही, दुसरं काय न्हाय." आप्पा, तेव्हा तुम्ही उठलात. मला वाटलं आता तुम्ही त्यांना दार दाखवणार. तुम्ही आत गेलात आणि ती छत्री घेऊन आलात. सगळ्यांच्या पुढ्यात ती फाडकन उघडलीत आणि सांगायला लागलात. "गोरं दिसायला निगेटिव्हला पेन्सिलीची एक रेघ लावलेली न्हाय बघा. ह्या कापडातनं उजेड असा येतो, म्हणून रंग उघडतो. बसा, तुमचाबी काढून दाखवतो." तुम्ही कापड दाखवत होतात, काड्या दाखवत होतात, आणि आक्का ट्रे हातात धरून उभी होती. चहावर साय धरली. तुम्ही छत्रीची बाजू मांडलीत, आप्पा. तिची कुणी मांडलीच नाही. मुलगा खाली मान घालून बसला होता. जाताना पाहुणे फोटो तेवढा ट्रेमध्ये ठेवून गेले.

तुम्हाला ते कळलं नसेल असं नाही. त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत, छत्री पिशवीत घातलीत, तिच्यावर ट्रेमधला फोटो ठेवलात आणि पिशवी माळ्यावर टाकलीत. पुढं मुलींच्या आया दुकानात येऊन गयावया करायच्या, "तेवढी पांढरी छत्री लावा की हो," आणि तुम्ही "न्हाय" एवढंच म्हणायचात. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जायला लागलं. आक्काचं दोन वर्षांनी कंग्राळीला जमलं, फोटो न दाखवता, दाजी स्वतः येऊन बघून गेले. माणूस भला, शेती थोडी, तिचं वाईट काही झालं नाही. पण कॅमेरा दिसला की ती पदर ओढायची. तुमच्या हातातला असला तरी. तिच्या लग्नात तुम्ही तीन-चारदा "आक्का, वर बघ गं" म्हणालात. तिनं बघितलं नाही, आणि मग तुम्ही म्हणायचंच सोडलंत.

मग माझी पाळी. तोवर मी डिग्रीला होते, रंगीत फोटो आले होते. मी आतल्या खोलीत चादर टांगून, वेणी घालून बसले होते. तुम्ही दारातूनच म्हणालात, "बाहेर चल." परसात धुण्याच्या दगडाशेजारी भर उन्हात उभं केलंत. मी म्हणाले, "आप्पा, छत्री काढा की माळ्यावरची. एकदाच." तुम्ही म्हणालात, "हाईस तशी दिस. मागनं कुणी बोलायला नगं." एकदा बटण दाबलंत आणि आत निघून गेलात. फोटोत माझे डोळे बारीक झालेत, कपाळाला आठी आहे, नाकाखाली सावली आहे. त्या फोटोवर माझं लग्न जमलं. आमच्या ह्यांनी पहिल्याच आठवड्यात कौतुकानं सांगितलं, "फोटोपेक्षा बरी आहेस की तू." मी हसले, दुसरं काय करणार. तुमचं बरोबर होतं, कुणी एक शब्द बोललं नाही. मला सासरी मान मिळाला, नोकरी मिळाली, सगळं व्यवस्थित झालं. तरी तुमचा राग आला की मला तोच परस आठवतो. पुढं तुम्ही अंथरुणाला खिळलात, मी रोज पाय चेपत बसायचे, तेव्हाही हे विचारावं असं तोंडाशी यायचं. विचारलं नाही. तुम्हाला धाप लागायची.

काल आक्काचा तो फोटो मोठा करून, चौकट लावून कंग्राळीला नेला. दाजींनी तो दोन्ही हातांत धरला, दाराच्या उजेडाला नेऊन बघितला. मग म्हणाले, "अशी ती मला कधी दिसलीच न्हाय." ते रंगाबद्दल बोलत नव्हते. इतकी वर्षं संसार केला त्या माणसानं, आणि ते हसू त्याच्या वाट्याला आलं नाही. त्यांना काय सांगणार होते मी? की ही कॅमेऱ्याकडं बघतच नाहीये, कॅमेऱ्यामागच्या बापाकडं बघून हसतेय, आणि ते पाहुणे येऊन गेल्यावर तिनं कुणाकडंच तसं बघितलं नाही? हार घातला आणि परत आले.

आता छत्री माझ्यासमोर उघडी आहे. बटण गंजलंय, हातानंच उघडावी लागली. कापड पिवळं पडलंय, दोन काड्या मोडल्यात, आईची शिवण मात्र तशीच आहे. खिडकीतून येणारं ऊन तिच्यातून येईल अशी ती धरून मी आरशासमोर बसले होते, या वयात, दार लावून. काही फार दिसलं नाही. हा कागद घडी करून छत्रीत ठेवीन आणि पिशवीची नाडी ओढून टाकीन, पुन्हा कुणी उघडणार नाही.

आप्पा, माझा फोटो खरा आला होता. मला आक्कासारखा खोटा चालला असता.