भिंतीवरच्या आठ रेघा

३ नोव्हेंबर, सोमवार

शंभर जणांना सायनसचा त्रास होत असेल, तर त्यातल्या नेमक्या कुणाला अँटिबायोटिक द्यावं? मला नाही सांगता येत. शिकलेलं पाठ आहे — बहुतेक जण आपोआप बरे होतात. गोळीने शंभरात पाचेक जण लवकर सुटतात, आणि पोट बिघडतं त्याहून जास्त जणांचं. पण ते पाच कोण, हे औषधांच्या काउंटरमागून दिसत नाही.

तरी आज दुकानात कागद चिकटवला. 'सर्दीने गाल, कपाळ दुखतंय? दहा दिवस थांबा. अँटिबायोटिक मागू नका.' मालक म्हणाले, "मॅडम, दुकान चालवायचंय की शाळा?"

४ नोव्हेंबर

बाबांचा फोन. तीन दिवस गाल ठणकतोय, थोडा तापही आहे. मागून आई — "मागच्या वेळच्या चार गोळ्या उरल्यात डब्यात, देऊ का गं?" मुळीच नाही! वाफ घ्या, दहा दिवस थांबा, म्हटलं. बाबा हसले. "डॉक्टरीणबाईंचा हुकूम!" मी डॉक्टर नाही, कितीदा सांगू? पण घरातली पहिली पदवी माझी. त्यांना सगळं सारखंच.

फोन ठेवल्यावर या परक्या गावातल्या खोलीत पुन्हा मी एकटी.

६ नोव्हेंबर

बाबांना उतार! मालकांना सांगितलं. ते "हं" म्हणाले. सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

७ नोव्हेंबर

दिवसभरात मी गिऱ्हाइकांशी 'दोन वेळा, जेवणानंतर' एवढंच बोलले.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी आईचा फोन, दबक्या आवाजात. "तू रागावशील म्हणून बोलले नाही. परवापासून पुन्हा ताप आहे. आज डोळ्याखाली सूज आलीय. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर भिंतीकडे बोट दाखवतात."

भिंतीवर सुतारी पेन्सिलीच्या रेघा. दुखणं सुरू झालं त्या दिवसापासून मोजून, रोज एक. आठ झाल्यात.

बाबा स्वतः घेतलेलं मापसुद्धा दोनदा तपासल्याशिवाय फळीला करवत लावत नाहीत. माझं मात्र एकदाच ऐकलं. आणि मी अर्धंच सांगितलं होतं! बरं वाटून पुन्हा ताप आला तर थांबायचं नाही, डोळ्याजवळ सूज आली तर त्याच क्षणी दवाखाना — परीक्षेत लिहिलंय मी हे. बाबांना सांगितलं नाही. कागदावरही नाही. कागद सुटसुटीत दिसावा म्हणून!

"बाबा, माझं चुकलं. आत्ता निघा."

"अगं, दोनच रेघा राहिल्यात. तुझा शब्द खाली पडायला नको."

मी ओरडले. बाबांवर, जन्मात पहिल्यांदा.

१० नोव्हेंबर

काल पोचले तेव्हा बाबा दवाखान्यातल्या खाटेवर, हात पाठीमागे लपवून! नर्सबाई वैतागलेल्या — "मुलीला विचारल्याशिवाय सुई नको म्हणतात." मी मान डोलावली. हात पुढे आला. आज सूज उतरतेय.

कागद मी गाडी पकडण्याआधीच बदलला. नवा मोठा आहे. पहिली ओळ : 'बरं वाटून पुन्हा दुखलं, तर थांबू नका.' मालकांनी चिकटपट्टी कापून दिली.