मागच्या भिंतीला हात न लावण्याबाबत

मी, पदवी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारी, मुलांच्या तोंडी 'दगडफूलबाई', हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मंगळवारपासून हातपाय गार पडले आहेत, पण कायद्याला तेवढे चालते असे वकील म्हणाले. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळे कॉलेजला दिले होते.

१. राहते घर भाचीला. गळका नळही तिचाच. त्यावरून तिने माझे कान किटवले आहेत.

२. भिंग आणि मोजपट्टी विभागातल्या धाकट्या सहकारिणीला. प्रयोगशाळेमागच्या भिंतीवरची दगडफुले मी नोकरीला लागल्यापासून मोजत आले. ती वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतात. अनुदानाचा अर्ज दर वेळी परत येई: पदवी महाविद्यालयात संशोधनाची सोय नसते, शिकवण्याकडे लक्ष द्यावे. यंदा प्रथमच होकार आला. अनुदान समिती मंगळवारी भिंत पाहायला येणार होती.

३. प्राचार्यांना काहीही नाही. समिती येणार म्हणून त्यांनी आदल्या दिवशी ती भिंत खरवडून पांढरीशुभ्र करून घेतली. पाहुण्यांना घेऊन मी कोपऱ्यावरून वळले, तर दगडफुलांच्या जागी नुसता रंग. प्राचार्य कौतुकाने म्हणाले, "बाई, तुमच्यासाठीच केलं. किती डाग पडले होते!" समितीच्या अध्यक्षांनी हळूच विचारले, अभ्यास कशाचा करायचा होता? मी पांढऱ्या भिंतीकडे बोट दाखवले. अनुदान गेले. अजूनही डोळे मिटले की पांढरेच दिसते. माणूस वाईट नाही, हे तर मला मुळीच सहन होत नाही.

४. बँकेतल्या ठेवींचा निधी करावा, पदवीच्या मुलांना शिकवता शिकवता संशोधन करणाऱ्यांसाठी. सोयी काय आहेत ते विचारू नये. काय पाहता, एवढेच विचारावे. पहिला मान धाकटीचा. सांडपाण्याच्या पाइपमागे, जिथे ब्रश पोचला नाही, तिथे नखाएवढे दगडफूल उरले आहे. ते रंगावर कसे पसरते ते तिने पाहावे. मी तिला म्हटले, भिंत भरलेली तुला काही दिसायची नाही. ती म्हणाली, "मग माझ्यानंतर कोण बघणार, तेही लिहा." म्हणून लिहिते: भिंत भरेपर्यंत निधी बंद करू नये.

५. माझ्या नावाची पाटी त्या भिंतीवर लावू नये. भिंतीला कोणीही, कोणत्याही कारणाने, हात लावू नये.

ठिकाण: माझी जेवणाची खोली.
दिनांक: भिंत रंगल्यानंतरचा पहिला रविवार.
सही: दगडफूलबाई

साक्षीदार पहिले: शेजारचे दातांचे डॉक्टर.

साक्षीदार दुसरे: प्राचार्य. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, म्हणून हेच योग्य. कलम तीन त्यांनी वाचले. मग म्हणाले, "बाई, उद्याच माणसं लावून तो रंग खरवडून काढू का?"

सही करण्यापूर्वी त्यांना कलम पाच मोठ्याने वाचायला लावले आहे.