लाटांच्या तलावावरची खुर्ची

सोलापूर,
सोमवार, १८ जानेवारी २०२१

चि. मल्लेश यास,

अक्काचा आशीर्वाद. रागासकट आहे, तसाच घे.

अव्वाची तब्येत बरी आहे. साखर उतरलीय, तरी संक्रांतीला तिळाच्या दोन पोळ्या तिने फडताळाआड उभं राहून खाल्ल्याच. यंदा सिद्धेश्वराची गड्डा जत्रा भरली नाही, त्यामुळे तिला संक्रांत झाल्यासारखं वाटतच नाही. टीव्हीवर नंदीध्वज बघताना म्हणाली, "मल्लू असता तर त्याला पाळण्यात बसवलं असतं." तू चाळिशी ओलांडलीस, हे तिला कोण सांगणार?

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मोठा मेसेज लिहिला तर अर्धा वाचून उत्तर टाकतोस. कागद शेवटपर्यंत वाचावा लागतो. म्हणून कुरियरने पाठवतेय.

तुझ्या वकिलांनी पाठवलेला कागद शुक्रवारी मिळाला. त्यावर मी सही करणार नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला त्याची वाट बघायला नको.

"मुलीच्या आईच्या निष्काळजीपणामुळे सदर प्रकार घडला, पार्कच्या व्यवस्थापनाने सर्व नियम काटेकोरपणे पाळले होते." भाषा चांगली आहे. पण मल्लेश, तुला त्या रविवारचं जे कळलं ते माझ्या तोंडून कळलं, आणि वकिलांना तुझ्या तोंडून. मी तुला सगळं सांगितलेलं नाही. तेव्हा वकिलांवर चिडू नको. खोट्याची सुरुवात इथून, माझ्याकडून झालीय.

नीट सांगते.

लॉकडाऊनमुळे आपला वॉटर पार्क नऊ महिने बंद होता तेव्हा इथं काय चाललं होतं, ते तू पुण्यात बसून आकड्यांत बघितलंस. मी डोळ्यांनी बघितलं. तलाव रिकामे ठेवले तर उन्हाने फरशा उखडायच्या, भरून ठेवले तर शेवाळ धरायचं. घसरगुंड्यांचा रंग पापुद्र्यासारखा निघायला लागला. एकही पाहुणा नाही, तरी पंप रोज तासभर चालवायलाच लागायचे. जूनमध्ये तुझा फोन आला, "अक्का, खर्च निम्म्यावर आण, नाहीतर बँक कुलूप लावेल." मी आणला. तू मला शाबासकी दिलीस. अप्पांनी पार्क तुझ्या नावावर करून चालवायला मला दिला, त्याला अकरा वर्षं झाली. त्या अकरा वर्षांतली तुझी ती पहिली शाबासकी.

डिसेंबरात परवानगी आली. निम्मीच माणसं आत घ्यायची, ताप मोजायचा, मास्क तपासायचे. मला एकच काळजी होती, लोक घाबरलेत, ते परत येतील का? म्हणून जे त्यांच्या डोळ्यांना दिसेल त्यावर मी खर्च केला. दारात फवाऱ्याचा बोगदा उभारला. फोटो काढायला कमान लावली. जमिनीवर सहा-सहा फुटांवर गोल रंगवले. सरबत बंद पेल्यांतून. पहिल्याच आठवड्यात माणसं म्हणायला लागली, "सोलापुरात एवढी स्वच्छता कुठं बघितली न्हाय." मी ते तुला रेकॉर्ड करून पाठवलं होतं, आठवतं?

मग जे दिसत नाही तिथे मी कात्री लावली. लाइफगार्ड कुणाला दिसतो? काही घडलं नाही तर तो उंच खुर्चीवर बसून पगार घेणारा माणूस, एवढंच.

तुला सांगितलं होतं की सहापैकी चार लाइफगार्ड लॉकडाऊनमध्ये गावी गेले आणि परतले नाहीत. ते परतले होते. मी त्यांना काढलं. त्याच जूनच्या फोनवर तू मला बजावलं होतंस, "लाइफगार्डना हात लावू नको." मला ते शब्दन् शब्द आठवतंय. तरी मी त्यांना काढलं, कारण कमी वेळात खर्च निम्मा दाखवायचा सोपा रस्ता तोच होता. आणि त्यांना सांगितलं, "मल्लेशअण्णांचा आदेश आहे, माझ्या हातात काही नाही."

त्यांत जोतीराम होता. चौदा वर्षं लाटांच्या तलावावर बसलेला. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठचा माणूस, चालायच्या आधी पोहायला शिकलेला. त्याने शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "अंबूला तेवढं ऱ्हाऊ द्या." अंबुबाई त्याची बायको, कपड्यांच्या काउंटरवर पोहण्याचे कपडे भाड्याने देते. तिचा पगार कमी होता, म्हणून ती राहिली. जोतीराम गावी जाऊन मासे धरायला लागला.

आता तो रविवार. दहा जानेवारी.

दुपारी बारापासूनच दारात रांग लागली. ताप मोजणारी मुलगी आली नव्हती. लोक उन्हात उभे राहून वैतागले होते, एक जण मोबाइलवर चित्रीकरण करत मोठमोठ्याने पार्कची अब्रू काढत होता. मला ते सहन होईना. लाइफगार्ड दोन उरले होते. एक उंच घसरगुंडीवर, एक लाटांच्या तलावावर. तलावावरच्या पोराला मी फोन केला, "ये, पाच मिनिटं दारात ताप मोज." तो म्हणाला, "मॅडम, लाटा चालू हायेत." मी म्हणाले, "पाचच मिनिटं."

तो चाळीस मिनिटं दारात होता. रांग छान सरकली. मी खूश होते.

तुला वाटतं तशी खुर्ची त्याच्या आळसामुळे रिकामी नव्हती. मीच त्याला उठवलं होतं.

आणि पूनमची आई? तुझ्या कागदात आहे की ती पोरीला सोडून निघून गेली. पोरगी सात वर्षांची, नातेपुत्याची. आई काठावरच बसली होती, मास्क हनुवटीवर. आपल्या माणसाने तिला उठवलं, "मास्क नीट नसंल तर दंड पडंल, आधी काउंटरवरनं नवा घ्या." माझीच सक्त ताकीद होती तशी. ती तिकडे गेली. नियम पाळायला गेली, मल्लेश.

अंबुबाईला काउंटरवरून अर्धाच तलाव दिसतो. तिला लाटेबरोबर एक पिवळा फ्रॉक खालीवर होताना दिसला, आणि हात हलत नव्हते. ती काउंटरवर चढून पलीकडे उतरली आणि लुगड्यासकट पाण्यात गेली. तिने पोरीला काठावर ढकललं तोवर आरडाओरडा ऐकून मी पळत पोचले होते.

इथपर्यंतचं कसंतरी लिहिलं. पुढचं अजून अव्वालाही सांगितलेलं नाही.

पोरगी उताणी पडली होती. ओठ निळे. भोवती चाळीसेक माणसं, पण सगळी लांब. कुणीतरी ओरडलं, "तोंडाला तोंड लावू नका, कोरोना असंल!" मी गुडघ्यावर बसले. तोंडाने श्वास द्यायचं शिक्षण मी घेतलंय, प्रमाणपत्र ऑफिसात टांगलंय. मी हात मास्कपर्यंत नेला आणि थांबले. किती वेळ ते सांगता येणार नाही. पोरीच्या नाकातून पाणी ओघळत होतं आणि मी नुसती बघत होते.

नंतर घरी मी स्वतःला समजावलं, घरी अव्वा आहे, तिला साखर आहे, तिच्यासाठी थांबले. खोटं. त्या वेळी अव्वा आठवलीसुद्धा नव्हती. मी घाबरले होते.

अंबुबाई पाण्यातून वर आली, स्वतः खोकत होती. "सरका, अक्का," म्हणाली, आणि मला खांद्याने बाजूला ढकललं. मास्क ओरबाडून फेकला. पोरीचं नाक धरून तोंडाने श्वास दिला, छाती दाबली, परत श्वास दिला. चौथ्या की पाचव्या खेपेला पोरगी ओकली आणि रडली. अंबुबाईने हे शिक्षण कुठे घेतलं, ठाऊक आहे? जोतीरामने घरी उशीवर शिकवलं होतं. ज्याला मी काढलं त्याने.

पूनम तीन दिवस दवाखान्यात होती. आता घरी आहे, बरी आहे. तुझा कागद आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी नातेपुत्याला गेले. तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाला असतास.

पूनमची आई मला बघून उठली आणि चुलीपाशी जाऊन उभी राहिली. सासू ओसरीवर होती. मी काही बोलायच्या आधीच सासू म्हणाली, "आमच्याच घरचं चुकलं, बाई. हिचं ध्यान कुटं असतंय? पोरगी सोडून गेली." आई खाली मान घालून उभी. हळूच म्हणाली, "समदी मलाच बोलत्यात. मला बी तसंच वाटाया लागलंय आता."

तो वकिली कागद माझ्या पिशवीत होता. तिथे मी सही केली असती तर ती बाई जन्मभर तेच ऐकत राहिली असती.

मी ओसरीवर, सगळ्यांदेखत सांगितलं. लाइफगार्ड मी काढले, खुर्चीवरचा पोरगा मी उठवला, तुमच्या सुनेला आमच्या माणसाने काठावरून हलवलं. श्वास द्यायला मी घाबरले तेही सांगितलं. मग ती आई माझ्याजवळ आली. वाटलं, मारते की काय. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती सासूकडे वळून म्हणाली, "आत्या, ऐकलं की न्हाय?" सासू म्हणाली, "व्हय, ऐकलं." एवढंच. मला चहा कुणी विचारला नाही, ते बरोबरच होतं.

परत येताना वाट वाकडी करून मी जोतीरामच्या गावी गेले. तो काठावर जाळं सोडवत बसला होता. त्यालाही खरं सांगितलं, की आदेश मल्लेशअण्णांचा नव्हता, माझा होता. तो जाळ्यातून मान वर न करता म्हणाला, "मला ठावं हुतं. अण्णांचा फोन आलता मला दिवाळीला, का सोडलंस म्हनून इचारत हुते. मी म्हनलं, पाठ दुखती."

म्हणजे तू विचारलं होतंस. आणि त्याने मला सांभाळून घेतलं होतं. मल्लेश, त्या माणसापुढे उभं राहताना मला माझीच लाज वाटली.

मी त्याला परत ये म्हणाले. तो म्हणाला, "तुमच्यासाठी येत न्हाय, अक्का. अंबू म्हनली, खुर्ची मोकळी बगवत न्हाय, म्हनून येतो. पर आमी सहाजण बसनार. खुर्चीवरनं मानूस उठला की लाटा बंद. मालक आला तरी बंद. लिहून देता का?"

मी लिहून दिलं. त्याच्याच पोरीच्या वहीच्या पानावर.

आज सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन माझ्या हाताने लिहिलेला जबाब दिला. त्यात तुझं नाव नाही, कारण तुझा दोष नाही. पूनमच्या आईचंही नाही. माझंच आहे. त्याचं जे काय व्हायचं ते होईल, मी वकील मागणार नाही आणि तूही पाठवू नको. जबाबाची नक्कल नातेपुत्याला पोचती केलीय.

आता तू म्हणशील, अक्का, सहा लाइफगार्ड आणि निम्मे पाहुणे, गणित कसं बसवणार? बसवलंय. फवाऱ्याचा बोगदा आणि कमान विकायला काढलीय. पाणी फक्त शनिवार-रविवार, आणि तलाव एकच, लाटांचा. बाकीच्या दिवशी बांधापलीकडच्या ज्वारीच्या रानात हुरडा. मोकळी हवा, लांब लांब अंथरलेल्या सतरंज्या, शेंगाचटणी आणि दही. लोकांना भीती बंद जागेची आहे, रानाची नाही. दारात रांग लागली तर लागू दे. मी स्वतः उभी राहून ताप मोजेन, आणि उन्हात शिव्या खाईन. कुणी चित्रीकरण केलं तर चेहरा दाखवेन.

एवढ्यावर पार्क तगला तर तगला. नाही तगला तर ताठ मानेने बंद करू. दिसणारं चकचकीत ठेवून न दिसणारं विकायचा धंदा मात्र माझ्या हातून परत होणार नाही. तुला मला काढायचं असेल तर काढ, मालक तू आहेस. पण वकिलाकडून कागद पाठवू नको. इथे ये, अंबुबाई आणि जोतीराम यांच्यादेखत काढ, आणि कशासाठी काढतोस ते मोठ्याने सांग. लाइफगार्ड काढले म्हणून काढत असशील तर मी मान खाली घालून जाईन. सही केली नाही म्हणून काढत असशील तर जाणार नाही. ओढून न्यावं लागेल.

येत्या शनिवारी अकरा वाजता लाटा सुरू करतेय. येताना तुझी दोन्ही पोरं घेऊन ये. त्यांना त्या पाण्यात सोडून काठावर निवांत बसायची तुझी छाती झाली तर समज, पार्क उघडा आहे. नाही झाली, तर कुलूप मीच घालीन आणि किल्ली तुझ्या हातात देईन.

मालक म्हणून नाही, भाऊ म्हणून तुझी वाट बघणारी,
न वाकलेली, पण चुकलेली,

सिद्धेश्वरी