हळद लागलेली खुंटी

नल्लकुंटा, ऑक्टोबर १९९५, रविवार

"समुद्रकाठची लाइन म्हणजे रुसलेली बायको, कधी निघून जाईल नेम नाही," लग्न नवं असताना हे म्हणाले होते. मी हसले होते. आता दर तुफानानंतर वाहून गेलेले रूळ जोडायला हेच जातात.

आज हे समुद्रापासून लांबच्या, आतल्या नव्या लाइनची मोजणी करून आले. चुकून भलतीकडे ठोकलेली खुंटी हलवायला गेले, तर गावातल्या बायकांनी तिला हळदकुंकू वाहिलेलं. मजूर म्हणे, "देवी झाली सार, नक्को." हे हसत सांगत होते. मी मात्र मनातच त्या पिवळ्या खुंटीला हात जोडले. लाइन लवकर होऊ दे, बाई. पण किती वर्षं...

रेडिओवर परत वादळाचा इशारा. यांनी बॅग भरलीय. नाहीच म्हणतील, तरी विचारणार: अहो, या वेळी दुसऱ्या कुणाला जाऊ द्या ना?